कानशीचा कीस

जे आजवर कुणालाच सांगितलं नाही ते पहिल्या ओळीतच सांगून टाकतो, नाहीतर याही वेळी राहून जाईल. यमुनेच्या रेतीत माझ्या सासऱ्यांना जे सोनं सापडायचं, ते यमुनेचं नव्हतं. ते मी टाकत होतो. लग्नात त्यांनीच माझ्या बोटात घातलेली अंगठी कानशीने घासून तिचा कीस मी त्यांच्या नकळत पाण्यात सोडायचो, आणि ते भिंग लावून तो वेचायचे.

आता क्रमाने सांगतो. थकून गेलोय, त्यामुळे सजवून सांगणं जमणार नाही.

सासूबाई गेल्या आणि तीन आठवड्यांनी बायको वडिलांना पुण्याहून गुरुग्रामला घेऊन आली. आमचा फ्लॅट सोसायटीच्या चौदाव्या मजल्यावर. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर, रोज मेट्रोने दिल्ली. बायको इथल्याच एका कंपनीत, मुलगी कॉलेजात. म्हणजे दिवसभर घरात ते एकटे. आयुष्यभर पाटबंधाऱ्यांची कामं असलेल्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. कालवे, दरवाजे, सांडवे, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. मुळात बोलणं बेताचं, आणि सासूबाई गेल्यापासून "नको" आणि "पुरे" एवढ्या दोन शब्दांवर आलेलं. संध्याकाळी मी घरी आलो की सोफ्याच्या त्याच कोपऱ्यात बसलेले असायचे. दिवा लावलेला नसायचा. टीव्हीही नाही.

बायको स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणायची, "तू तरी बोल ना यार त्यांच्याशी. काहीही. क्रिकेटवर बोल."

मी बसायचो जाऊन. पण मीही तसाच. आमच्या घरी दोन न बोलणारे पुरुष समोरासमोर बसलेत आणि मधल्या टीपॉयवर चहा निवतोय, हे चित्र मुलीने मोबाइलवर काढून ठेवलंय. तेव्हा आम्ही त्यावर हसलो होतो.

जानेवारीत दिल्लीची मराठी मंडळी पानिपतला काला अंबला जातात, पानिपतच्या लढाईत पडलेल्यांना नमस्कार करायला. दरवर्षी मी टाळायचो. त्या वर्षी सासऱ्यांना गाडीत घालून नेलं, तेवढंच बाहेर पडतील म्हणून. भाषणं झाली, घोषणा झाल्या, पाकिटातला चिवडा वाटून झाला. हे सगळ्यांच्या मागे उभे. परत निघताना एकदम म्हणाले, "यमुना इथून किती लांब?"

नेलं. थंडीने नदी आखडलेली, पात्रात रेतीचे मोठे पट्टे. एका वळणावर रेतीत काळ्या रेघा होत्या, पेन्सिलीने ओढल्यासारख्या. सासरे गुडघे धरत धरत खाली बसले आणि बोटाने ती रेघ उकरायला लागले.

"जावईबापू, ही काळी रेती बघा. ही जड असते. पाणी जिथे मंद होतं तिथे हीच आधी बसते. हिमालयातून येते ही नदी, वरच्या अंगाला लोक सोनं धुतात असं वाचलंय मी. सोनं असलंच तर हिच्याच संगतीत बसणार."

चार महिन्यांत त्यांनी इतकी वाक्यं सलग बोललेली मी ऐकली नव्हती. दशम्यांचा डबा रिकामा झाला होता, तो त्यांनी रेतीने भरून घेतला.

घरी आल्यावर बायकोने डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. "काय हो बाबा, लढाईत हरवलेल्या मोहरा शोधायला गेला होतात का दोघं?"

ते हसले. आवाज करून हसले. बायको माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला नीट आठवते, कारण पुढचं सगळं मी त्या नजरेसाठी केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर डायनिंग टेबलवर ट्रेसिंग पेपर पसरलेला. त्यावर लांबट पेटीचा नकाशा, तिन्ही बाजूंनी, खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आणि चौकटीत सुबक अक्षरात 'सुवर्णपन्हळ, मॉडेल क्र. १'. मी मोबाइलवर बघून "याला स्लूस म्हणतात" असं सांगितलं, तर म्हणाले, "आपल्याकडे शब्द आहे. पन्हळ म्हणा."

मुलगी म्हणाली, "आजोबा, पन्हळ म्हणजे?"

"छपराचं पाणी वाहून नेते ती."

"अच्छा, नाली!"

"नाली नाही," ते म्हणाले. चेहरा असा केला की ती पुढे महिनाभर मुद्दाम नालीच म्हणत राहिली.

करायला सोपी वस्तू आहे ती. दोन्ही टोकं उघडी असलेली, चार फूट लांब, वीतभर रुंद पेटी. तळाला काथ्याचं पायपुसणं किंवा रेघांचं रबर, त्यावर लोखंडी जाळी, आणि जाळीवर आडव्या पट्ट्या. वरच्या टोकाला रेती घालायची आणि पाणी सोडायचं. हलकी रेती पट्ट्यांवरून उड्या मारत निघून जाते, जड ते पट्ट्यांमागे अडकून खाली पायपुसण्यात उतरतं. सगळी गोम उतारात. फुटाला साधारण एक इंच. जास्त दिला तर सगळंच वाहून जातं, कमी दिला तर रेती तुंबते. आमचं पहिलं मॉडेल जुन्या डेझर्ट कूलरचं होतं. त्याचा पत्रा कापून पेटी केली, त्याचाच पंप टबात बुडवून पाणी फिरवलं. बाल्कनीत उभं केलं आणि सुरू केलं.

वीस मिनिटांत इंटरकॉम वाजला. तेराव्या मजल्यावरच्या बाई. "भाईसाहब, आपके यहाँ से रेत टपक रही है. मेरे धुले हुए कपड़े हैं नीचे!" संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर आमच्या बाल्कनीचा फोटो होता आणि खाली कुणीतरी विचारलं होतं की चौदाव्यावर बीच उघडतंय का. सासऱ्यांनी ते मुलीकडून वाचून घेतलं, दोनदा.

मग नदीवरच जायचं ठरलं. दर रविवारी, सकाळी सहाला निघून. डिकीत मॉडेल क्र. २, हे प्लायवूडचं. फावडं, दोन बादल्या, चाळणी, एक पसरट थाळी, चुंबक. पन्हळ वाहत्या पाण्यात रोवायची, वरून रेती घालत राहायची. शेवटी पायपुसणं बादलीत झटकायचं, ते थाळीत हलवत हलवत धुवायचं, काळी रेती चुंबकाने उचलून टाकायची, आणि जे उरेल ते भिंगाखाली. सासऱ्यांचं नकाशे वाचायचं पितळी भिंग होतं. उरायचं ते अभ्रक. यमुनेच्या रेतीत अभ्रक फार. उन्हात असं चमकतं की काळजात लकाकतं. सासऱ्यांनी युक्ती काढली होती, थाळीवर छत्री धरायची. सावलीत अभ्रक विझतं, सोनं पिवळंच राहतं. पहिले तीन महिने छत्रीखाली सगळं विझत गेलं.

तिथे पात्रात एक माणूस टरबुजं लावायचा. रेतीत खड्डे, खड्ड्यात खत, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून गवताच्या जुड्या. पहिल्या दिवशी तो लांबून बघत राहिला, मग जवळ आला.

"ताऊ, के टोहण लाग रह्या सै?" काय शोधताय.

"सोना," सासऱ्यांनी सांगितलं. त्यांना हिंदी कधी धड आली नाही, पण हा शब्द आला.

तो माझ्याकडे वळला, डोक्याकडे बोट नेऊन भुवया उडवल्या. मी मान हलवली. त्यानंतर आमची पन्हळ त्याच्या झोपडीत राहायला लागली, आणि परतताना डिकीत एक टरबूज यायला लागलं.

मे महिन्यात सासऱ्यांनी पन्हळ झटकली, थाळी धुतली, छत्री मिटली आणि म्हणाले, "बास. हे मोडा आता. मला पुण्याचं तिकीट काढून द्या."

पुण्यातलं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाई असतानाच एकदा जिन्यात पडले होते. आणि आता तिथे कुणीही नव्हतं. त्या संध्याकाळी बायको गॅससमोर उभी राहून रडली. पोळी करपली तरी उलटली नाही.

"एक कण सापडला असता ना," ती म्हणाली, "एक. तर राहिले असते ते."

तिचा दोष नाही यात. ती आपली बोलून गेली. मी ते कानात धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर पहाडगंजला गेलो आणि होलसेलच्या गल्लीतून बारीक कानस घेतली, बोटाएवढी. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये सरकारी कागद अंथरला, अंगठी काढली आणि आतल्या बाजूने घासायला लागलो. आतून, म्हणजे दिसणार नाही. आत आमच्या लग्नाची तारीख कोरलेली होती, सासऱ्यांनी पुण्याच्या सोनाराकडून कोरून घेतलेली. सगळ्यात आधी ती गेली. मी बघत होतो ती जाताना, आणि हात चालूच होता.

होमिओपॅथीच्या छोट्या बाटलीत तो कीस भरला. रविवारी "शेवटचं एकदा जाऊ, सामान तरी आणायला" म्हणून त्यांना नेलं. ते बादली घेऊन रेती आणायला वळले तेव्हा बाटली पन्हळीच्या वरच्या टोकाला उपडी केली. कीस पाण्यावर तरंगला! पिवळा पापुद्रा धरून, डुलत डुलत, सगळ्या पट्ट्यांवरून यमुनेत निघून गेला. सुकं बारीक सोनं बुडत नाही हे मला कुठे ठाऊक. बाटलीच्या बुडाशी थोडं चिकटलेलं होतं. झोपडीबाहेर त्या माणसाची भांडी घासायची जागा होती, तिथला साबण लावून, ओलं करून, पुन्हा टाकलं. या वेळी बुडालं.

छत्रीखाली सासरे थाळी हलवत होते. थांबले. भिंग मागितलं. मग भिंग न लावताच माझा दंड धरला, इतका घट्ट की वळ उठला.

"विझत नाहीये," म्हणाले. "बघा तुम्ही. मला खोटं वाटतंय. विझत नाहीये हो."

मी बघितलं आणि "खरंच की" म्हणालो. तो माझा पहिला उच्चारलेला खोटेपणा. घरी येताना ते गाडीत सबंध वेळ बोलत होते, सासूबाईंना पहिल्यांदा बघायला गेले त्या दिवसाबद्दल. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तिकिटाचं नाव कुणी काढलं नाही.

एकदाच करायचं, असं मी ठरवलं होतं. पण ते ड्राफ्ट्समन. मिळालेले कण ते तसल्याच एका होमिओपॅथीच्या बाटलीत साठवायचे, आणि प्रत्येक रविवारी किती मिळाले याचा त्यांनी आलेख धरला. ज्या रविवारी मी काही टाकलं नाही त्या दिवशी घरी येऊन नकाशा पुसून उतार बदलला, पट्ट्यांची जागा बदलली, "चूक माझीच आहे" म्हणत बसले. माझ्या चिमटीत कमी-जास्त काय आलं त्यावर मॉडेल क्र. ३ झालं आणि मग क्र. ४. आणि ते दोन्ही सुंदर झाले होते. मी त्यांच्या शेजारी बसून मान डोलावत होतो.

कण वेडेवाकडे, कुरळे दिसतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्याचंही उत्तर त्यांनीच शोधलं. "लांबून वाहत आलं असतं तर घासून गुळगुळीत झालं असतं. म्हणजे उगम जवळपास आहे, जावईबापू. जुन्या प्रवाहाचा थर असणार खाली."

पावसाळ्यात नदी भरली, जाणं थांबलं. तेव्हा त्यांनी हट्ट धरला की हे सोनं जाणत्या माणसाला दाखवायचं. करोल बागेत सांगलीकडच्या गलाईवाल्यांच्या खोल्या आहेत. जुने दागिने, सोनारांच्या दुकानातली झाडलोट वितळवून त्यातलं शुद्ध सोनं काढायचं त्यांचं काम. एका अरुंद जिन्याच्या वर तसा एक जण बसलेला. मराठी ऐकून खूश झाला.

"या की. पुण्याचं काय तुम्ही? बसा, बसा. च्या सांगतो."

बाटलीतलं त्याने पांढऱ्या कागदावर ओतलं, डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग सासऱ्यांकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे. मी हात मांडीखाली घेतला.

"कुठं गावलं म्हणालासा?"

"यमुनेत. पानिपतच्या बाजूला," सासरे म्हणाले. कान लालबुंद झाले होते त्यांचे, बक्षीस घ्यायला उभ्या राहिलेल्या पोरासारखे. "सोनंच आहे ना?"

"सोनं हाय," तो म्हणाला. "अस्सल सोनं हाय. त्यात काय वाद न्हाई. गाळू का?"

"नको, नको. असंच राहू दे."

सासरे कठडा धरून जिना उतरायला लागले तसं त्याने माझी बाही धरली. आवाज खाली आणून म्हणाला, "पावणं, नदीचं सोनं मी काय कधी बघितल्यालं न्हाई. पर कानशीचा कीस रोज बघतोय."

"वय झालंय त्यांचं," मी म्हणालो.

"व्हय, दिसतंय की ते." बाही सोडली. "पर कवातरी थांबवा."

परक्या माणसाने सांगितलं होतं. सोपं होतं थांबवणं. ऑक्टोबरात पाणी उतरलं आणि आम्ही पुन्हा जायला लागलो.

आता दिवाळीच्या पाडव्याचं. आमच्याकडे बायको पाडव्याला ओवाळते तेव्हा तबकात निरांजन, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी असते. आधी अंगठी आणि सुपारी ओवाळायची, मग निरांजन. आणि ती अंगठी दरवर्षी माझ्याच बोटातली असते, तिच्या माहेरची म्हणून. हे मी इतकी वर्षं बघतोय. तरी त्या दिवसापर्यंत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. अंगठी तोवर तारेइतकी झाली होती, बोटात फिरायची, म्हणून दोन आठवड्यांपासून मी ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाचण्यांच्या डबीत ठेवत होतो.

मी पाटावर बसलेलो. ती तबक घेऊन आली आणि हात पुढे केला. "अंगठी?"

मी बोटाकडे बघितलं, जणू मलाही नवीन होतं.

"अरे, अंगठी कुठाय?"

"गेली," मी म्हणालो. "परवाच्या रविवारी. थाळी धुताना नदीत गेली बहुतेक. सैल झाली होती."

"आणि तू आज सांगतोयस?"

"सणाच्या तोंडावर कशाला, म्हणून..."

तिने स्वतःची अंगठी काढून तबकात ठेवली आणि ओवाळलं. मागे खुर्चीत सासरे बसले होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. ओवाळून झाल्यावर ते म्हणाले, "वाहून गेलेली नाही ती."

"म्हणजे?"

"जड वस्तू आहे. पडल्या जागी खाली उतरणार, रेतीत. कण सापडतात तर अंगठी का सापडणार नाही? उलट सोपं आहे." आणि बायकोकडे वळून, "तू डोळे पुसू नकोस. मी काढून देतो तुला."

त्यांनी नदीच्या त्या वळणाचा नकाशा काढला. त्यावर चौकटी आखल्या, प्रत्येक चौकट दोन हात लांब, दोन हात रुंद. ज्या चौकटीतली रेती पन्हळीतून निघाली ती पेन्सिलीने भरायची. कणांचं त्यांना आता काही पडलेलं नव्हतं. मी टाकले तरी बाटलीत ओतून बाजूला ठेवायचे. पूर्ण नोव्हेंबर आम्ही माझी अंगठी शोधली. मी फावड्याने रेती उपसायचो, ते गुडघाभर पाण्यात उभे राहून पन्हळ धरायचे. "बाबा, बास झालं," असं मी प्रत्येक रविवारी म्हणालो, आणि तेवढंच म्हणालो. ते म्हणायचे, "दक्षिणेचा कोपरा राहिलाय."

तशीच दुसरी अंगठी करून रेतीत टाकावी असं मनात आलं होतं. पण आतली तारीख कोरून घ्यायची म्हणजे सोनाराला काहीतरी सांगायला हवं. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणत राहिलो. माझी बरीचशी पापं या पुढच्या आठवड्यातली आहेत.

डिसेंबरात धुकं सुरू झालं. एक रविवार मी गाडी काढली नाही. हायवेवर दहा फुटांवरचं दिसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. सासऱ्यांनी नकाशा घडी घालून उशाशी ठेवला. मंगळवारी आम्ही तिघं बाहेर पडल्यावर त्यांनी कॅब मागवली. कॅब कशी मागवायची ते मुलीनेच त्यांना शिकवलं होतं, दवाखान्यात जायला उपयोगी पडेल म्हणून.

दुपारी मला फोन आला तो टरबूजवाल्याचा. झोपडीतून पन्हळ काढून ते एकटेच पाण्यात उतरले होते. त्याने नको म्हटलं होतं. पाय घसरून पडले, उठता येईना. त्याने ओढून काढलं, शेकोटीशी बसवलं, स्वतःची गोधडी गुंडाळली. मी पोचलो तेव्हा ओठ निळे होते आणि हातात नकाशा, भिजून पिशवीसारखा झालेला.

"दोनच चौकटी राहिल्यात," ते मला म्हणाले.

तेव्हा सांगायचं. शेकोटी होती, तो माणूस बाजूला झाला होता, आम्ही दोघंच होतो. अंगठी टाचण्यांच्या डबीत आहे, बाबा. एवढंच. मी म्हणालो, "उठा, गाडीत हीटर आहे."

न्यूमोनिया झाला. गुरुग्रामच्या हॉस्पिटलात अकरा दिवस. तोंडावर मास्क असल्यामुळे बोलणं नव्हतंच; आम्हाला दोघांना ते नवीन नव्हतं. आठव्या दिवशी ते बोटाने चादरीवर उभ्या-आडव्या रेघा ओढत होते. नर्स म्हणाली, असं करतात पेशंट, ऑक्सिजन कमी पडला की. मला ठाऊक होतं ते काय काढताहेत. मी त्यांचा हात धरला, म्हणजे रेघा थांबाव्यात म्हणून. बायको दारातून बघत होती आणि तिला वाटलं मी प्रेमाने धरलाय. अकराव्या दिवशी ते गेले, तेव्हा तसं तिने सगळ्यांना सांगितलं. जावयाने मुलासारखं केलं म्हणाली. पुण्याहून आलेले नातेवाईक माझ्या पाठीवर हात ठेवून जायचे.

या गोष्टीला आता दहा महिने झाले. मॉडेल क्र. ४ आमच्या बाल्कनीत उभं आहे, बायकोने त्यात पुदिना लावलाय. त्यांच्या कणांची बाटली देवघरात आहे. दिवा लावताना ती कधी कधी बाटली उचलून उजेडात धरते. एकदा माझ्यादेखत हाताची सावली केली वर, आणि स्वतःशीच म्हणाली, "विझत नाही बघ."

काल जेवताना तिने विषय काढला. पुन्हा पाडवा येतोय.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "बाबांच्या त्या सोन्याची तुझ्यासाठी अंगठी करायची. कमी पडेल ते मी घालते. तुम्ही करोल बागेत गेला होतात ना, त्या सांगलीवाल्याकडेच गाळून घेऊ. शनिवारी जाऊ या का? बाबांना आवडलं असतं रे. नाही तर काय, शेवटपर्यंत तुझीच अंगठी शोधत होते ते."

"जाऊ या," मी म्हणालो.

मुलगी म्हणाली, "मी पण येते. मला बघायचंय नदीचं सोनं मेल्ट होताना."

आज गुरुवार. तो माणूस शनिवारी पुन्हा भिंग लावेल आणि पुन्हा माझ्याकडे बघेल. कदाचित याही वेळी गप्प राहील, सज्जन आहे. मग ते सोनं अंगठी होऊन माझ्या बोटात येईल आणि पाडव्याला तबकात जाईल, दरवर्षी. हे मी करू शकतो, एवढं मला स्वतःबद्दल कळलेलं आहे. म्हणून हे आज लिहून काढलं. डबी ऑफिसातून घरी आणली आहे, समोर टेबलावर आहे.

सासऱ्यांचं जे देणं होतं ते शेकोटीपाशीच राहिलं, ते आता फिटणार नाही. बायकोचं अजून बाकी आहे. डबीतली उरलेली अंगठी, आणि तिचे वडील त्या थंडीत नदीत का उतरले त्याचं खरं कारण, हे दोन्ही मी तिला शनिवारच्या आत देणं लागतो.